४ जून २०२४ आणि निफ्टीच्या लांब पल्ल्याच्या पिव्होट पातळ्या: एक प्रकरण अभ्यास

शुक्रवार, ३१ मे २०२४ रोजी निफ्टी ५० निर्देशांक २२,५३०.७० वर बंद झाला. शनिवारी लोकसभेच्या मतदानाचा शेवटचा टप्पा संपला आणि संध्याकाळी एक्झिट पोल आले. सोमवारी, ३ जूनला बाजार उघडला तो २३,३३७.९० वर, म्हणजे ८०७ अंकांच्या गॅपनं, मागच्या बंद भावापासून थेट उडी मारून. त्या दिवसाचा उच्चांक होता २३,३३८.७०. उघडल्या भावाच्या वर निफ्टी पूर्ण एक अंकही चढला नाही. मंगळवारी मतमोजणी सुरू झाली, निफ्टी २१,२८१.४५ पर्यंत कोसळला आणि २१,८८४.५० वर बंद झाला. एका दिवसात १,३७९.४० अंक गेले, ५.९३ टक्के. दिवसाच्या तळाशी घसरण साडेआठ टक्क्यांची होती. दहा टक्क्यांना अख्खा बाजार थांबवणारं सर्किट लागतं, त्यापासून निफ्टी दीड टक्का दूर होता.

या दोन दिवसांत दैनंदिन पिव्होट, म्हणजे मागच्या दिवसाच्या भावांवरून काढलेल्या आधार-अडथळ्याच्या रेषा, लावून बसलेल्या ट्रेडरला पडद्यावर उपयोगाचं जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. मासिक, तिमाही आणि वार्षिक पिव्होट मांडलेल्याला मात्र सोमवारी सकाळीच एक ठोस गोष्ट दिसत होती: वर जायला जागा फार थोडी आहे. मंगळवारचा निकाल कोणत्याही रेषेनं सांगितला नव्हता. पिव्होटकडून तशी अपेक्षा ठेवणंच चूक आहे. सौदा कुठे घेऊ नये आणि घेतलाच तर किती मोठा, हे मोठ्या कालखंडाचे पिव्होट चांगलं सांगतात. त्यांचा खरा उपयोग तेवढाच आहे आणि तो पुरेसा आहे.

पातळ्या कशा काढल्या

सूत्र जुनंच आहे, शिकागोच्या खुल्या लिलावाच्या बाजारांत ट्रेडर सकाळी कागदावर मांडायचे तेच. मागच्या कालखंडाचा उच्चांक, नीचांक आणि बंद भाव यांची बेरीज भागिले तीन म्हणजे पिव्होट. पिव्होटची दुप्पट वजा नीचांक म्हणजे पहिला अडथळा, आर१. पिव्होटची दुप्पट वजा उच्चांक म्हणजे पहिला आधार, एस१. पिव्होटमध्ये मागच्या कालखंडाची पूर्ण व्याप्ती, म्हणजे उच्चांक वजा नीचांक, मिळवली की आर२ आणि वजा केली की एस२.

कालखंड बदलला तरी सूत्र तेच राहतं. वार्षिक पिव्होटसाठी मागचं पूर्ण वर्ष घ्यायचं. २०२३ सालचा निफ्टीचा उच्चांक २१,८०१.४५, नीचांक १६,८२८.३५ आणि बंद भाव २१,७३१.४०. बेरीज ६०,३६१.२०, म्हणून २०२४ चा पिव्होट २०,१२०.४०. त्यावरून आर१ येतो २३,४१२.४५ आणि आर२ येतो २५,०९३.५०. हे आकडे २९ डिसेंबर २०२३ च्या संध्याकाळी तयार होते आणि पुढचे बारा महिने बदलणार नव्हते. पुढे जे जे झालं ते या रेषांना आधी माहीत असणं शक्य नव्हतं, आणि रेषा नंतर सरकवताही येत नव्हत्या. लांब पल्ल्याच्या पिव्होटचा हा सर्वांत मोठा गुण आहे.

तिमाहीसाठी जानेवारी ते मार्च २०२४: उच्चांक २२,५२६.६०, नीचांक २१,१३७.२०, बंद २२,३२६.९०. मासिकसाठी मे: २३,११०.८०, २१,८२१.०५ आणि २२,५३०.७०. साप्ताहिकसाठी २७ ते ३१ मे: उच्चांक आणि बंद मे महिन्याचेच, नीचांक २२,४१७. त्यावरून ३ जूनच्या सकाळची मांडणी अशी होती:

| कालखंड | एस२ | एस१ | पिव्होट | आर१ | आर२ |
|---|---|---|---|---|---|
| वार्षिक | १५,१४७ | १८,४३९ | २०,१२० | २३,४१२ | २५,०९४ |
| तिमाही | २०,६०८ | २१,४६७ | २१,९९७ | २२,८५७ | २३,३८६ |
| मासिक | २१,१९८ | २१,८६४ | २२,४८८ | २३,१५४ | २३,७७७ |
| साप्ताहिक | २१,९९२ | २२,२६२ | २२,६८६ | २२,९५५ | २३,३८० |

सोमवार: ३३ अंकांत तीन रेषा

उजवीकडचे आकडे पाहा. साप्ताहिक आर२ २३,३८०, तिमाही आर२ २३,३८६, वार्षिक आर१ २३,४१२. तीन वेगवेगळ्या कालखंडांच्या रेषा ३३ अंकांच्या पट्ट्यात आल्या होत्या. निफ्टी उघडला तो या पट्ट्याच्या खालच्या कडेपासून ४२ अंकांवर, आणि मासिक आर१ त्यानं गॅपमध्येच मागे टाकला होता.

आता उघडताना खरेदी करणाऱ्याचं गणित मांडू. त्या वेळी निफ्टी फ्युचरचा (पुढच्या तारखेच्या सौद्याच्या कराराचा) लॉट, म्हणजे एका सौद्यातली किमान संख्या, २५ चा होता. सोय म्हणून निर्देशांकाचाच भाव धरू, फ्युचरचा प्रीमियम, म्हणजे निर्देशांकाहून जास्तीचा भाव, बाजूला ठेवू. खरेदी २३,३३८ ला. स्टॉपलॉसची, म्हणजे तोटा थांबवून बाहेर पडण्याची, पहिली तार्किक जागा मासिक आर१ च्या थोडी खाली, समजा २३,१००. जोखीम २३८ अंक, म्हणजे लॉटमागे ५,९५० रुपये. समोरची भिंत २३,४१२ ला, म्हणजे संभाव्य फायदा ७४ अंक, लॉटमागे १,८५० रुपये. एक रुपया मिळवायला तीन रुपयांहून जास्त पणाला लावायचे, तेही मतमोजणीच्या आदल्या दिवशी. हा सौदा बाजाराचा अंदाज बरोबर असला तरी घेण्यासारखा नव्हता, कारण नकार जोखीम आणि फायद्याच्या प्रमाणातूनच येतो. ज्यानं स्टॉप न लावता तो लॉट मंगळवारी बाजार बंद होईपर्यंत धरला, त्याचे १,४५४ अंक गेले, लॉटमागे सुमारे ३६,३५० रुपये.

आधीपासून खरेदी करून बसलेल्यांसाठी हाच पट्टा नफा कमी करण्याची जागा होती. मे महिन्यात २२,००० च्या आसपास घेतलेल्या पोझिशनवर हजारभर अंक दिसत होते. अशा वेळी निम्मी पोझिशन मोकळी करायला कोणत्याही भाकिताची गरज पडत नाही.

मंगळवार: दैनंदिन पातळ्या का कोसळल्या

सोमवारच्या आकड्यांवरून, म्हणजे २३,३३८.७०, २३,०६२.३० आणि २३,२६३.९० वरून, मंगळवारचा दैनंदिन पिव्होट येतो २३,२२२. एस१ २३,१०५, एस२ २२,९४५, आणि तिसरा आधार एस३ २२,८२८. दिवसाचा तळ या तिसऱ्या आधाराच्याही १,५४७ अंक खाली होता. दैनंदिन एस२ वर ‘आधार आला’ म्हणून ज्यांनी खरेदी केली, त्यांच्या खाली सोळाशे अंकांची पोकळी होती.

कारण सूत्रातच आहे. पिव्होटच्या सगळ्या पातळ्यांमधली अंतरं मागच्या कालखंडाच्या व्याप्तीतून येतात. सोमवारची व्याप्ती फक्त २७६ अंकांची होती, कारण ८०७ अंकांचा गॅप उच्चांक आणि नीचांकाच्या वजाबाकीत धरलाच जात नाही. बाजारात प्रचंड हालचाल झाली होती, पण सूत्राला शांत दिवस दिसला. त्यात भर म्हणजे इंडिया व्हीआयएक्स, ऑप्शनच्या किमतींवरून निघणारा वर्षाच्या अपेक्षित चढउताराचा टक्क्यांतला आकडा, २१ च्या आसपास होता. त्याला १६ नं भागलं की एका दिवसाची अपेक्षित हालचाल साधारण १.३ टक्के, सुमारे ३०० अंक निघते. म्हणजे ऑप्शनचा बाजार स्वतःच दैनंदिन व्याप्तीपेक्षा मोठ्या हालचालीची किंमत लावत होता. निकालाच्या दिवशी तर दोन-तीन पट हालचाल धरायलाच हवी.

यावरून निघणारा नियम आम्ही काटेकोर पाळण्यासारखा मानतो. घटनेतून जितकी हालचाल संभवते, निदान तितकी व्याप्ती असलेल्या कालखंडाचेच पिव्होट त्या दिवशी वापरावेत. मे महिन्याची व्याप्ती १,२९० अंकांची होती, तिमाहीची १,३८९. निवडणुकीच्या निकालाला हे कालखंड पुरे पडतात. दैनंदिन नाही, आणि ६९४ अंकांचा साप्ताहिकही नाही. अर्थसंकल्प, रिझर्व्ह बँकेचं धोरण, निकाल अशा दिवशी दैनंदिन रेषा पडद्यावरून काढूनच टाकलेल्या बऱ्या, डोळ्यांसमोर असल्या की हात तिकडे जातो.

मासिक पातळ्यांनी काय केलं ते पाहू. मंगळवारचा तळ मासिक एस२ च्या ८४ अंक वर थांबला. बंद भाव मासिक एस१ च्या २० अंक वर आला. बुधवारी निफ्टी २२,६२०.३५ वर, म्हणजे मासिक पिव्होटच्या वर बंद झाला आणि शुक्रवारी ७ जूनला २३,२९०.१५ वर पोचला. पाच दिवसांत तो फिरून त्याच तिहेरी पट्ट्याच्या खाली येऊन उभा राहिला.

इथे घाई करू नये

वरचा परिच्छेद वाचून मासिक पिव्होटची जादू वाटू शकते, म्हणून एक साधी मोजणी करून पाहा. २१,००० ते २४,००० या तीन हजार अंकांत चारही कालखंडांच्या एकूण किती रेषा येतात? तिसऱ्या स्तरापर्यंत धरल्या तर सतरा. म्हणजे सरासरी दर १७६ अंकांना एक. डोळे मिटून कुठेही बोट ठेवलं, तरी जवळची रेषा सरासरी ४४ अंकांवर सापडणार. मग तळ एका रेषेपासून ८४ अंकांवर आला, यात कौतुक काहीच नाही.

दुसरा सापळा सूत्रांचा. ट्रेडिंगव्ह्यू या आलेखांच्या संकेतस्थळावरच्या पिव्होट इंडिकेटरमध्ये ‘ट्रॅडिशनल’ आणि ‘क्लासिक’ हे दोन पर्याय दुसऱ्या स्तरापर्यंत सारखेच आहेत, तिसऱ्या स्तराला वेगळे होतात. ट्रॅडिशनल सूत्रानं त्या आठवड्याचा एस३ येतो २१,५६८ आणि निफ्टी त्याच्या २८६ अंक खाली गेला. क्लासिक सूत्रानं तोच एस३ येतो २१,२९९, म्हणजे दिवसाच्या तळापासून अवघ्या १७ अंकांवर. घटना घडून गेल्यावर कोणी क्लासिक निवडून चित्र दाखवलं तर ते थक्क करणारं दिसेल. शिवाय फिबोनाची, वुडी आणि कॅमेरिला ही सूत्रं हाताशी आहेतच. चार कालखंड आणि पाच सूत्रं वापरली तर कोणत्याही तळाला नंतर एखादी रेषा जुळवता येते.

म्हणून सूत्र एकच ठेवावं, ते वर्षाच्या सुरुवातीला ठरवावं आणि रेषा कमी ठेवाव्यात. आमच्या मते वार्षिक पिव्होट, आर१, एस१ आणि आर२, एस२, चालू तिमाहीच्या तेवढ्याच, आणि मासिकचे फक्त मधले तीन पुरेत. सोमवारच्या तिहेरी पट्ट्याला वजन आहे ते दोन कारणांनी. तो सकाळी सव्वानवाच्या आधी काढता येत होता, आणि सरासरी अंतर १७६ असताना तीन रेषा ३३ अंकांत येणं रोज घडत नाही.

रेषा ओलांडली, हे कधी म्हणायचं

मोठ्या कालखंडाच्या रेषेसाठी दिवसाचा भाव पाहणं निरुपयोगी आहे. वार्षिक रेषेला साप्ताहिक बंद भाव आणि त्याभोवती पाव टक्क्याचा पट्टा, अशी कसोटी इथे लावली आहे. २३,४१२ चा पाव टक्का सुमारे ५८ अंक. शुक्रवार १४ जूनला निफ्टी २३,४६५.६० वर बंद झाला. आर१ च्या वर खरा, पण ५३ अंकच, पट्ट्याच्या आत. त्यामुळे थांबायचं. २१ जूनला बंद २३,५०१.१०, म्हणजे ८९ अंक वर. आता कसोटी पूर्ण झाली. पुढच्या सत्रात, सोमवारी २४ जूनला, बंद भावाला म्हणजे २३,५३७.८५ ला खरेदी धरू.

स्टॉप कुठे ठेवायचा? आर१ च्या लगेच खाली ठेवला तर आठवड्याच्या साध्या हेलकाव्यात तो उडतो. मासिक पिव्होट २२,४८८, त्याखाली पाव टक्का, म्हणजे २२,४३० च्या खाली साप्ताहिक बंद. जोखीम १,१०८ अंक, ४.७१ टक्के. लक्ष्य वार्षिक आर२, २५,०९३. संभाव्य फायदा १,५५६ अंक, प्रमाण एकास १.४. फार देखणं नाही, पण ३ जूनच्या सौद्याच्या चौपटीहून चांगलं.

आता आकाराचा प्रश्न. भांडवल दहा लाख आणि एका सौद्यात एक टक्का जोखीम धरली तर दहा हजार रुपये. फ्युचरच्या एका लॉटला १,१०८ गुणिले २५ म्हणजे २७,७०० रुपये जोखीम होते, जवळजवळ तिप्पट. म्हणजे इतक्या लांबच्या स्टॉपसाठी फ्युचर हे साधनच चुकीचं. निफ्टी ईटीएफमध्ये, म्हणजे निर्देशांकामागे चालणाऱ्या आणि शेअरसारख्या विकत घेता येणाऱ्या फंडात, दहा हजार भागिले ४.७१ टक्के, सुमारे २ लाख १२ हजार रुपयांची खरेदी बसते. लांब पल्ल्याचे पिव्होट वापरणारे बहुतेक जण इथेच घसरतात. रेषा वार्षिक घेतात आणि लॉट रोजच्या सवयीचाच ठेवतात. अंदाज योग्य असूनही मधल्या घसरणीत मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी ठेवलेली अनामत, संपून बाहेर पडावं लागतं. नंतर लॉट ७५ चा झाला तेव्हा ही अडचण तिप्पट झाली.

१ जुलैला नवी तिमाही सुरू झाली. एप्रिल ते जूनचे आकडे २४,१७४.००, २१,२८१.४५ आणि २४,०१०.६०. नवा तिमाही पिव्होट २३,१५५, आर१ २५,०२९, आर२ २६,०४८. याचा लगेच उपयोग दोन ठिकाणी होतो. स्टॉप २२,४३० वरून नव्या तिमाही पिव्होटखाली, २३,०९७ ला उचलता येतो आणि उरलेली जोखीम ४४१ अंकांवर येते. दुसरं, तिमाही आर१ २५,०२९ आणि वार्षिक आर२ २५,०९३ यांचा ६४ अंकांचा नवा पट्टा तयार होतो. लक्ष्य आता या पट्ट्याच्या खालच्या कडेला आणायचं.

गुरुवार १ ऑगस्टला निफ्टी २५,०७८.३० पर्यंत गेला. वार्षिक आर२ पासून १५ अंक अलीकडे थांबला. स्वस्त जपानी येन उधार घेऊन केलेले सौदे घाईनं मोडले गेल्यानं जगभर विक्री सुरू झाली आणि सोमवारी, ५ ऑगस्टला निफ्टी २३,८९३.७० पर्यंत उतरला होता. ज्याची विक्रीची ऑर्डर अचूक २५,०९३.५० ला होती ती भरलीच नाही, आणि तीन सत्रांत जवळपास बाराशे अंक हातातून गेले. पट्ट्याच्या अलीकडच्या कडेला, २५,०२९ ला ऑर्डर असलेल्याला १,४९१ अंक मिळाले, ६.३ टक्के. २ लाख १२ हजारांवर सुमारे १३,४०० रुपये, खर्च आणि कराआधी. कराचा मुद्दा इथे गौण नाही, कारण २३ जुलै २०२४ पासून शेअर आणि इक्विटी ईटीएफवरच्या अल्पकालीन भांडवली नफ्याचा दर १५ वरून २० टक्के झाला. ही विक्री नव्या दरात आली.

नियम जिथे मार खातो

ऑगस्टअखेर हीच कसोटी आर२ ला लावून पाहू. ३० ऑगस्टला साप्ताहिक बंद २५,२३५.९०, पट्ट्याच्या वर. नियमाप्रमाणे २ सप्टेंबरला २५,२७८.७० ला खरेदी. ६ सप्टेंबरला बंद २४,८५२.१५, रेषेखाली, म्हणून बाहेर. साधारण ४३० अंकांचा तोटा. १३ सप्टेंबरला बंद पुन्हा वर, २५,३५६.५०. १६ तारखेला २५,३८३.७५ ला पुन्हा खरेदी. निफ्टी २७ सप्टेंबरला २६,२७७.३५ च्या विक्रमी उच्चांकावर गेला आणि ४ ऑक्टोबरला २५,०१४.६० वर बंद झाला, पुन्हा रेषेखाली. आणखी ३७० अंक गेले. दोन्ही वेळा नियम तंतोतंत पाळूनही तोटाच.

यामागचं कारण समजून घ्यावं. आर२ च्या पुढे वार्षिक मांडणीत लगेचची रेषाच नाही, आर३ थेट २८,३८६ ला आहे, ३,२९२ अंक दूर. इतक्या रिकाम्या जागेत वार्षिक रेषेवर विसंबून राहता येत नाही, तिथे तिमाहीच्या रेषांवर चालावं लागतं. तिमाही आर२ २६,०४८ ला निम्मी विक्री ठेवली असती, तर दुसऱ्या सौद्याच्या त्या अर्ध्या भागावर ६६४ अंक मिळाले असते. आर२ च्या वर नव्यानं खरेदीच करायची नाही, असा कडक नियम ठेवणारेही आहेत आणि त्यांचं म्हणणं आम्हाला पटतं.

२०२२ सालचं उदाहरण याहून बोलकं आहे. त्या वर्षाचा पिव्होट १६,५१८ होता. मार्च ते जुलै दरम्यान निफ्टीच्या साप्ताहिक बंद भावानं ही रेषा सहा वेळा ओलांडली, तीनदा खाली आणि तीनदा वर. वर्षाचा पूर्ण प्रवास १५,१८३ ते १८,८८८, म्हणजे एस१ आणि आर१ या दोघांच्या आतच. अशा वर्षी पिव्होट हा दिशा सांगत नाही, मध्य सांगतो. दोन ओलांडण्या होऊन गेल्या की त्या वर्षापुरतं त्या रेषेवर सौदे बंद ठेवणं शहाणपणाचं.

आणि मार्च २०२०. २०१९ च्या आकड्यांवरून २०२० चा वार्षिक एस२ येत होता ९,९७२ आणि एस३ साधारण ९,३६०. निफ्टी ७,५११.१० पर्यंत गेला. वर्षभराची व्याप्तीही जिथे कमी पडते असे प्रसंग येतात. तिथे एस३ ला आधार समजून भर टाकत राहणाऱ्याला वाचवणारं एकच साधन होतं: आधी ठरवलेला सौद्याचा आकार.

नोव्हेंबरची परीक्षा

२०२४ च्या आर१ कडे परत येऊ, कारण त्याचं काम संपलं नव्हतं. सप्टेंबरच्या शिखरावरून घसरत निफ्टी नोव्हेंबरमध्ये त्याच २३,४१२ वर उतरला. १८ तारखेला बंद २३,४५३.८०, १९ ला २३,५१८.५०. २० ला महाराष्ट्र विधानसभेच्या मतदानामुळे बाजार बंद. २१ ला अदानी समूहाबाबत अमेरिकेतल्या आरोपपत्राची बातमी आली, निफ्टी २३,२६३.१५ पर्यंत गेला आणि २३,३४९.९० वर बंद झाला. दैनंदिन बंद भाव पाहणाऱ्यासाठी रेषा तुटली होती, पट्ट्यासकट. दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, ५५७ अंकांची उसळी आली आणि आठवडा २३,९०७.२५ वर संपला. २१ जूनपासून वर्षअखेरपर्यंत एकही साप्ताहिक बंद भाव २३,४१२ च्या खाली आला नाही. जूनमधला अडथळा नोव्हेंबरमध्ये आधार झाला होता.

आकडे भरताना होणाऱ्या चुका

बंद भाव अधिकृत घ्यावा. एनएसईवर शेअरचा बंद भाव शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांच्या भारित सरासरीवरून ठरतो आणि निर्देशांकाचा बंद भाव त्यावरून. पाच मिनिटांच्या आलेखावर साडेतीनला दिसणारा शेवटचा भाव वेगळा असू शकतो. फरकाचा एक तृतीयांश पिव्होटमध्ये आणि दोन तृतीयांश आर१, एस१ मध्ये उतरतो.

ट्रेडिंगव्ह्यूमध्ये कालखंड ‘ऑटो’वर ठेवला की आलेख बदलताच रेषा बदलतात. पंधरा मिनिटांपर्यंत दैनंदिन, त्याहून मोठ्या इंट्राडे आलेखावर साप्ताहिक, दैनंदिन आलेखावर मासिक. एकाच रेषेबद्दल बोलतोय असं समजून दोघे वेगळ्या पातळ्या सांगतात, ते यामुळे. कालखंड हातानं निवडावा आणि ‘दैनंदिन आकड्यांवर आधारित’ हा पर्याय चालू ठेवावा.

शेअरसाठी बोनस आणि स्प्लिटनं समायोजित आकडेच घ्यावेत. रिलायन्सचा एकास एक बोनस ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला. कागदावर लिहून ठेवलेला जुना वार्षिक पिव्होट त्यानंतर निम्मा करायला हवा होता. विशेष सत्रंही पाहावीत: १८ मे २०२४ ला शनिवारी छोटं सत्र झालं होतं, आणि काही डेटा पुरवठादार शनिवार आठवड्यात धरत नाहीत. फ्युचरवर सौदा करणाऱ्यांनीही मासिकपासून वरचे पिव्होट निर्देशांकावरूनच काढावेत, कारण फ्युचरचा करार दर महिन्याला बदलतो आणि जोडलेल्या आलेखात प्रीमियमच्या उड्या शिरतात.

पुढच्या वर्षाची मांडणी

३१ डिसेंबर २०२४ ला निफ्टी २३,६४४.८० वर बंद झाला. वर्षाचा उच्चांक २६,२७७.३५, नीचांक २१,१३७.२०. त्यावरून २०२५ चा पिव्होट २३,६८६, एस१ २१,०९६, आर१ २६,२३६. पाव टक्क्याचा पट्टा ५९ अंकांचा. वर्ष पिव्होटच्या जवळच सुरू झालं, आणि १० जानेवारीला साप्ताहिक बंद २३,४३१.५०, पट्ट्याच्या स्पष्ट खाली. ४ आणि ५ फेब्रुवारीला दैनंदिन बंद भाव रेषेच्या वर आले, पण शुक्रवारी ७ तारखेला पुन्हा २३,५५९.९५. त्या दोन दिवसांवर खरेदी करणारे फेब्रुवारीअखेर २२,१२४.७० पाहत होते. २८ मार्चला २३,५१९.३५, तेही खालीच. अमेरिकेच्या आयातशुल्काच्या धक्क्यात ७ एप्रिलला तळ आला २१,७४३.६५, एस१ च्या सुमारे ६५० अंक वर, त्यामुळे एस१ ला खरेदीची ऑर्डर लावून बसलेल्यांना माल मिळालाच नाही. गुड फ्रायडेच्या सुट्टीमुळे तो आठवडा गुरुवारी, १७ एप्रिलला संपला. बंद भाव २३,८५१.६५, पट्ट्याच्या वर, १० जानेवारीनंतर पहिल्यांदाच.